बांधावरचा माणूस

२०२४ साली मानवत खून प्रकरणावर वेब सिरीज आली, तेव्हा भाच्याने फोन करून विचारलं, "मामा, तुम्ही तर तिथलेच. तुम्हाला काही आठवतं का?" तेव्हा मी विषय टाळला. आज सांगतो.

नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात आमच्या परभणी जिल्ह्यातल्या मानवत गावात मुली आणि बायकांचे एकामागून एक खून झाले. मुंबईहून आलेल्या रमाकांत कुलकर्णींनी तपास केला आणि गुप्तधन, नरबळी हे सगळं पुढे आलं. पण ते नंतर. तेव्हा आम्हाला इतकंच ठाऊक होतं, की दिवस मावळला की घराबाहेर पडायचं नाही. आमचं खेडं तिथून दोन-तीन कोसांवर. मी आठ वर्षांचा.

त्या जानेवारीत एका संध्याकाळी मला बांधावरून कुणीतरी जाताना दिसलं. बस, एवढंच. मी घाबरून पळत आलो आणि आजीला सांगितलं. घटकाभरात मी पारावर होतो. भोवती सगळी मोठी माणसं.

"डोक्याला पटका होता का रे?" असेल. "पाठीवर पोतं होतं ना?" हो. "म्हणजे तो कल्हईवालाच!" मी मान हलवली. सगळे मायेने विचारत होते, कुणी दरडावलं नाही. दर प्रश्नागणिक त्या आकृतीला चेहरा येत गेला.

कल्हईवाल्याला शेजारच्या गावातून धरून आणलं, मारलं आणि रात्रभर चावडीत कोंडलं. सकाळी कळलं, की तो आदल्या दिवशी सेलूच्या बाजारात होता. भांडी दिलेल्या चार बायकांनीच सांगितलं. तो भाता उचलून निघून गेला. पुन्हा आमच्या गावात आला नाही.

आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा!). तो तिथे नव्हता हे मला पन्नास वर्षं माहीत आहे. तरी आजही डोळे मिटले, की बांधावर तोच दिसतो. पटक्यासकट, पोत्यासकट.

याचा उलगडा मला संमोहनावरचं वाचताना झाला. आपल्याकडे एक समजूत आहे, की मेंदूत सगळं रेकॉर्ड झालेलं असतं आणि संमोहनात कुलूप उघडतं. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या चौचिला गावी २६ शाळकरी मुलं बससकट पळवली गेली. सुटका झाल्यावर ड्रायव्हरला संमोहनाखाली गुन्हेगारांच्या गाडीचा नंबर आठवला, एक आकडा सोडून सगळा! मग काय, अमेरिकेतल्या पोलिसांनी साक्षीदारांना संमोहित करण्याचा सपाटाच लावला.

मात्र संशोधकांना वेगळंच दिसू लागलं. १९८३ मध्ये मॉन्ट्रियलच्या लॉरेन्स आणि पेरी यांनी सहज संमोहित होणाऱ्या २७ जणांना संमोहनात सुचवलं, की गेल्या आठवड्यात एका रात्री मोठ्या आवाजाने तुम्हाला जाग आली होती. तसं काही घडलं नव्हतं. नंतर १३ जणांनी ते खरंच घडल्याचं सांगितलं, आणि खुलासा केल्यावरही काहीजण हटेनात. १९८५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीनेही इशारा दिला, की संमोहनात माणूस जास्त सांगतो, पण जास्त खरं सांगतो असं नाही. खात्री मात्र वाढू शकते.

आणि संमोहन तरी कशाला हवं? एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७४ मध्येच, म्हणजे आमच्या पारावरच्या त्या संध्याकाळच्याच वर्षी, विद्यार्थ्यांना अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना 'धडकल्या' तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, 'चक्काचूर झाल्या' तेव्हा किती? आठवड्याने फुटलेल्या काचा पाहिल्या का असं विचारलं. फिल्ममध्ये काचा नव्हत्याच. 'धडकल्या' ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांना त्या आठवल्या, 'चक्काचूर' ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना.

विश्वासातली माणसं, घाबरलेलं मन, उत्तर आत दडवलेला प्रश्न. संमोहनकाराच्या खोलीत जे होऊ शकतं, ते आमच्या पारावरही झालं होतं.

आपल्याकडे मधल्या काळात नार्को टेस्टची अशीच लाट आली. इंजेक्शन दिलं की सत्य बाहेर येतं, अशी श्रद्धा! मे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय अशी चाचणी करायला मनाई केली, आणि संमती असली तरी चाचणीतली उत्तरं थेट पुरावा धरता येणार नाहीत असं सांगितलं. ती बातमी वाचताना मला चावडी आठवली.

असो. भाच्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे : मला कुणीतरी जाताना दिसलं होतं. पटका, पोतं, चेहरा हे सगळं मला नंतर मिळालं.

त्या कल्हईवाल्याचं नाव मात्र मला आठवत नाही. बहुधा तेव्हाही कुणी विचारलं नसेल. गावाकडच्या मंडळींपैकी कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा. 'अमुकच होतं ना?' असं मी विचारणार नाही.