काम कुठवर आले? आगगाडीच्या आलेखापासून संगणकाच्या पट्टीपर्यंत

शाळेतल्या 300 विद्यार्थ्यांची यादी संकेतस्थळावर चढवली, कळ दाबली आणि पडद्यावर नुसते एक चक्र फिरत राहिले. हा अनुभव आज बहुतेक शिक्षकांना आहे. काम चालू आहे की अडकले? वाट पाहावी की पुन्हा कळ दाबावी? पुन्हा दाबली तर तीच नावे दोनदा नोंदली जाण्याची भीती! नजरेआड चाललेल्या कामाची प्रगती कशी ओळखावी, हा प्रश्न मात्र संगणकाहून जुना आहे. खानदेशात तो आगगाडीबरोबर आला.

मुंबई–ठाणे गाडी 1853 मध्ये धावली आणि 1860 च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करीत भुसावळला पोहोचले. जळगावहून भुसावळकडे सुटलेली गाडी काही मिनिटांत दिसेनाशी होते. मग ती भादलीला पोहोचली की वाटेत थांबली, हे कसे कळणार? दर थोड्या अंतरावर स्टेशन, तिथे खबर देणारा माणूस आणि खबर नेणारी तार, हे रेल्वेने शोधलेले उत्तर. पुढच्या स्टेशनने ‘लाइन क्लिअर’ दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही, असा नियम झाला.

यात एक बारकावा आहे. गाडी ‘पोहोचली’ असे केव्हा म्हणायचे? इंजिन फलाटाला लागले म्हणजे नव्हे. जोडणी तुटून काही डबे मागे रुळावरच राहिलेले असू शकतात. म्हणून शेवटच्या डब्यामागची खूण किंवा रात्री तिथला लाल दिवा पाहूनच गाडी पूर्ण आल्याची खबर देत. शेवटच्या डब्यावरची मोठी फुली मुलांना ठाऊक असते. तिचे काम हेच.

ठिकठिकाणच्या खबरा नियंत्रण कक्षात एकत्र येत. तिथे कागदावर आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर स्टेशने मांडलेली असत. खबर आली की नियंत्रक पेन्सिलीने गाडीची रेघ पुढे नेई. रेघ जास्त उभी असेल तर गाडी वेगात, कमी उभी असेल तर मंद आणि अगदी आडवी असेल तर थांबलेली. फ्रेंच शास्त्रज्ञ एतियेन-ज्यूल मारे यांनी आलेखपद्धतीवरील आपल्या 1878 च्या ग्रंथात पॅरिस–लिओं मार्गाचा असाच आलेख इब्री यांच्या नावे दिला आहे. आता हे काम संगणकावर होते. रेघ मात्र तीच आहे.

1900 मध्ये चाळीसगाव–धुळे फाटा सुरू झाला. धुळ्याला जाणाऱ्या उतारूला मुख्य मार्गाची गाडी कुठवर आली हे कळणे आणखी गरजेचे झाले, कारण आता एका कामावर दुसरे काम अवलंबून होते.

संकेतस्थळामागे नेमके हेच घडते. यादी मिळताच संगणक फक्त पोच देतो. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी नियमावलीत त्यासाठी 202 हा क्रमांक आहे. अर्थ असा की काम स्वीकारले, पण पूर्ण झालेले नाही. कामाला गाडीसारखा क्रमांक मिळतो आणि ते रांगेत लागते. दुसरा प्रोग्रॅम ते उचलतो व एका तक्त्यात लिहीत जातो: ‘300 पैकी 120 झाल्या, वेळ 11.42’. आपल्या पडद्यावरचे पान दर काही सेकंदांनी हा तक्ता वाचून पट्टी पुढे सरकवते. तोच क्रमांक पुन्हा आला तर काम दुसऱ्यांदा करायचे नाही, अशी सोयही करता येते.

1985 मध्ये ब्रॅड मायर्स यांनी प्रयोगांतून दाखवले की अशी पट्टी दिसणे लोकांना आवडते. पण पट्टी खरी हवी. कसारा घाट चढताना निम्मे अंतर म्हणजे निम्मा वेळ नसतो. तसेच निम्म्या नोंदी म्हणजे निम्मा वेळ नव्हे. बराच वेळ नवी नोंद आली नाही, तर ती शांतता हीदेखील खबरच आहे. नियंत्रक अशा वेळी स्टेशनला विचारी. प्रोग्रॅमनेही विचारायला हवे. आणि 300 वी नोंद तपासल्याशिवाय ‘पूर्ण’ लिहू नये. शेवटच्या डब्याची फुली विसरली, तर एखाद्या विद्यार्थ्याचे नाव मागेच राहील आणि पडदा मात्र ‘शंभर टक्के’ सांगेल.

वर्गात हे करून पाहता येईल. मुंबई–भुसावळ गाड्यांचे वेळापत्रक घेऊन मुलांना आलेखकागदावर दोन्ही दिशांच्या गाड्यांच्या रेघा काढू द्या. रेघा जिथे छेदतात तिथे गाड्या एकमेकींना भेटतात. मग विचारा: आपण काढली ती गाडीची ठरलेली वाट; ती खरोखर कुठवर आली, हे आपल्याला कोण सांगेल?