डॉ. कोटणीसांच्या गोष्टीतली न्यूझीलंडची नर्स



पोस्ट लांबलचक आहे, रविवारच्या चहाबरोबर वाचा.

गेल्या आठवड्यात जेवताना लेकीने विषय काढला. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत एका चर्चच्या वैद्यकीय पथकाबरोबर सहा आठवडे परदेशी जायचं म्हणते. माझ्या तोंडून पहिलं काय निघालं ते तुम्ही ओळखलंच असेल. "मिशनऱ्यांबरोबर? कशाला?" ती ताट उचलून आत गेली. रात्री झोप काही येईना. तेव्हा मला कॅथलीन हॉल आठवली.

डॉ. कोटणीस आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. निदान व्ही. शांताराम यांच्या 1946 च्या चित्रपटामुळे तरी. सोलापूरचा मुलगा, मुंबईत डॉक्टर झाला, 1938 साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून गेला आणि परत आलाच नाही. तिथल्या एका नर्सशी, ग्वो छिंगलानशी, त्याने लग्न केलं. हे आपण मुलांना सांगतो. पण ही ग्वो छिंगलान पेकिंगहून त्या डोंगराळ युद्धभूमीत पोचली कशी, हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. तिला तिकडे जायला मदत केली ती एका मिशनरी नर्सने.

कॅथलीन हॉल 1896 साली न्यूझीलंडमध्ये नेपियरला जन्मली. ऑकलंडच्या हॉस्पिटलात नर्सिंग शिकली आणि 1920 च्या दशकात अँग्लिकन मिशनतर्फे चीनला गेली. आधी भाषा शिकली. हे महत्त्वाचं आहे बरं का, सहा आठवड्यांच्या गोष्टी करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं! शहरातल्या मिशन हॉस्पिटलांत काही वर्षं काढल्यावर तिने हबै प्रांतातल्या डोंगरात, सुंगच्याच्वांग नावाच्या खेड्यात छोटंसं हॉस्पिटल चालवलं. बाळंतपणं, गळवं, ताप, लहान मुलांचे आजार. आपल्याकडच्या खेड्यातल्या नर्सबाई जे करतात, तेच.

आता तुमच्या मनात जे येतंय ते माझ्याही मनात होतं. मिशनरी चीनच्या आतल्या भागात शिरले ते काही कुणी आमंत्रण दिलं म्हणून नव्हे. अफूच्या युद्धांत हरलेल्या चीनवर 1858 साली तह लादला गेला, त्यात मिशनऱ्यांना आत फिरायची मुभाही लिहून घेतली. त्याचा राग 1900 च्या बॉक्सर उठावात उफाळला. मिशनरी मारले गेले, आणि त्यांच्याहून कितीतरी जास्त साधे चिनी ख्रिस्ती. म्हणजे संशय घेणारे अगदीच वेडे नव्हते. पण दुसरीकडे माझ्याच आजीचे डोळे मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात बरे झाले होते, डॉ. वॉन्लेस यांनी 1894 साली सुरू केलेल्या. ते आमच्या घरात कुणी कधी नाकारलं नाही. फक्त दोन्ही गोष्टी एका वाक्यात बोलायची सवय नाही आपल्याला.

तर, 1937 साली जपानने चीनवर मोठी चढाई केली. पेकिंग जपान्यांच्या ताब्यात गेलं, डोंगरात कम्युनिस्टांचे गनिमी सैनिक. त्यांच्यात कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून काम करत होते. औषधं नाहीत, मलमपट्टीचं सामान नाही, कधी कधी भूल न देताच शस्त्रक्रिया. 1939 मध्ये त्यांची हॉलबाईंशी गाठ पडली. बेथ्यून कट्टर कम्युनिस्ट, ही चर्चची बाई. वाद व्हायला हवा होता! त्यांनी मागितली ती एकच गोष्ट: तुम्ही परदेशी आहात, मिशनच्या आहात, पेकिंगला जाऊ शकता. औषधं आणाल का?

ती आणू लागली. पुन्हा पुन्हा. मिशनच्या नावावर औषधं विकत घ्यायची आणि जपानी पहाऱ्यातून डोंगरात पोचवायची. नुसतं सामान नाही, माणसंही. पेकिंगमधून डोंगरात जायला तयार झालेल्या नर्सेसपैकी एक ग्वो छिंगलान.

इथे मी जरा थांबले. ब्रिटिश तेव्हा या युद्धात तटस्थ होते. बाई पकडली गेली तर फक्त तिच्या जिवाचा प्रश्न नव्हता. तिच्याबरोबरचे चिनी लोक, तिच्या खाटांवरचे रोगी, सगळेच धोक्यात. तिने बरोबर केलं का? मला वाटतं हो, पण पटकन म्हणवत नाही. कारण झालंही तसंच. जपान्यांना पत्ता लागला, सुंगच्याच्वांगचं हॉस्पिटल जाळलं गेलं आणि तिला चीनमधून घालवून दिलं.

तिने हाँगकाँग गाठलं आणि रेड क्रॉसच्या कामातून पुन्हा उत्तरेकडे जायचा प्रयत्न केला. त्यात बेरीबेरीने अंथरुणाला खिळली. तोवर बेथ्यूनही गेले होते, 12 नोव्हेंबर 1939 ला. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं आणि रक्तात विष पसरलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. बेथ्यून यांच्या नावाच्या हॉस्पिटलाचे कोटणीस 1941 मध्ये प्रमुख झाले, त्याच वर्षी लग्न झालं. 1942 च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला, त्याचं नाव यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. बाळ साडेतीन महिन्यांचं असताना, 9 डिसेंबरला कोटणीस गेले. वय फक्त 32. ग्वो छिंगलान 2012 पर्यंत जगल्या.

हॉलबाई नंतर हाँगकाँगला कुष्ठरुग्णांमध्ये काम करून मायदेशी परतल्या आणि 1970 मध्ये वारल्या. बऱ्याच वर्षांनी त्यांची रक्षा चीनला नेऊन त्याच डोंगरात पुरली.

दुसऱ्या दिवशी लेकीला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग आई, कोटणीसांच्या आईने काय म्हटलं असेल गं?" मला उत्तर देता आलं नाही. मी तिला उलट चार प्रश्न विचारले: तिथली भाषा कोणाला येते, तुमच्यानंतर पेशंट कोण बघणार, औषधाच्या बदल्यात प्रार्थना करावी लागते का, आणि काही बिघडलं तर जबाबदार कोण? ते तिने त्या पथकाला लिहून पाठवलेत. उत्तराची वाट बघतोय दोघी.

तुमच्यापैकी कुणाची मुलं अशा पथकांबरोबर जाऊन आली असतील, तर खाली जरूर लिहा.