खेळ त्यांचा, डाव आपला

मंडळी, आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. फडके रोड कशासाठी आहे? खरेदीसाठी, येण्याजाण्यासाठी, गणपतीच्या देवळात जाण्यासाठी. बरोबर. आता दिवाळीच्या पहिल्या पहाटे तिथे जाऊन बघा. खरेदी कोणी करत नाही, गाडी तर सोडाच, सायकलसुद्धा पुढे सरकत नाही. हजारो पोरंपोरी नवे कपडे घालून नुसती उभी असतात. गप्पा, फोटो, ओळखी, जुने शाळेतले मित्र, बस्स. रस्त्याच्या कुठल्याही नकाशात हा वापर लिहिलेला नाही. तो लोकांनी शोधून काढला.

आजचा विषय रस्त्यांचा नाही, ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम्सचा आहे. म्हणजे एका सर्व्हरवरच्या जगात हजारो माणसं एकाच वेळी असतात, प्रत्येकाने एक सोंग घेतलेलं असतं, आणि तुम्ही लॉग-आउट केलंत तरी ते जग चालूच राहतं. बनवणाऱ्याने सांगितलेलं असतं की राक्षस मारा, लेव्हल वाढवा, मोठी तलवार मिळवा, मग मोठा राक्षस मारा. आणि या खेळांचा इतिहास वाचताना सगळ्यात मजा कशाची येते सांगू? दरवेळी बरीच माणसं हे सगळं सोडून भलतंच काहीतरी करत बसलेली दिसतात.

सुरुवात १९७८ सालची. इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठातल्या रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने 'मड' नावाचा खेळ लिहिला, तो पुढे रिचर्ड बार्टलने वाढवला. चित्रं नाहीत, फक्त अक्षरं. 'उत्तरेकडे जा' असं टाइप करायचं, की पुढच्या खोलीचं वर्णन येणार. खजिना शोधून दलदलीत टाकायचा, पॉइंट मिळवायचे आणि शेवटी 'विझार्ड' व्हायचं, हा अधिकृत कार्यक्रम. पण लोक तिथे तासन् तास नुसते गप्पा मारत बसायचे, कोणी कोपरान् कोपरा हिंडून नकाशे काढायचे, तर कोणाला दुसऱ्याच्या खोड्या काढण्यातच आनंद.

बार्टलने पुढे १९९६ साली यावर एक लेख लिहिला, तो आजही गेम डिझाइन शिकताना वाचतात. त्याने खेळाडूंचे चार प्रकार केले आणि त्यांना पत्त्यांची नावं दिली. चौकट म्हणजे पॉइंट आणि खजिना जमवणारे. इस्पिक म्हणजे खणून काढणारे, शोधक (इंग्रजीत इस्पिकला फावड्याचंच नाव आहे). बदाम म्हणजे माणसांसाठी येणारे, गप्पिष्ट. आणि किल्वर म्हणजे सोटा घेऊन दुसऱ्याच्या डोक्यात घालणारे. आपल्या ऑफिसची टीम डोळ्यासमोर आणा, चारही सापडतील :)

गंमत म्हणजे हे चार प्रकार बार्टलने एकट्याने खोलीत बसून काढले नाहीत. त्याच्या खेळातल्या मुरलेल्या खेळाडूंमध्ये कित्येक महिने वाद चालला होता की माणसाला यातून नेमकं हवं तरी काय असतं. त्या वादातून निष्पन्न झालं ते हे, की सगळ्यांना एकच गोष्ट नको असते.

आता १९९७. 'अल्टिमा ऑनलाइन' आला. यात लेव्हल नव्हत्याच, फक्त कौशल्यं होती. शिंपीकाम, सुतारकाम, मासेमारी, स्वयंपाक, भीक मागणं (हो, तेही कौशल्य होतं!). बनवणाऱ्यांनी मोठ्या हौसेने एक निसर्गचक्रही रचलं होतं. लांडगे मेंढ्या खाणार, मेंढ्या गवत खाणार, वगैरे. खेळाडूंनी आल्या आल्या दिसेल तो प्राणी मारायला सुरुवात केली, आणि निसर्गचक्र चालायच्या आधीच संपलं. ते शेवटी काढून टाकावं लागलं. चाचणीच्या काळात, ऑगस्ट १९९७ मध्ये, तर खेळाचा निर्माता रिचर्ड गॅरियट स्वतः राजाच्या वेशात भाषणाला उभा होता. सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर स्वतःला 'अमर' करण्याचा पर्याय चालू करायचा राहून गेलेला. एका खेळाडूने सहज आगीचा मंत्र टाकला, आणि राजा ठार! टेस्टिंग वाल्यांना या गोष्टीचं मर्म लगेच कळेल. युजर काय करेल हे डिझाइन डॉक्युमेंटमध्ये कधीच नसतं.

पण त्याच खेळात लोकांनी खानावळी चालवल्या, नाटकं बसवली. घर सजवायला खेळात पियानो नव्हता, तर पेट्या, कापड आणि बुद्धिबळाचे पट एकावर एक रचून पियानोसारखी दिसणारी वस्तू बनवली. दिवाळीच्या किल्ल्याला आपण जे करतो तेच. विटा, माती, गोणपाट आणि वर हळिवाची हिरवळ. किल्ला 'जिंकायचा' नसतो. तो करण्यातच सगळी मजा.

आता आपल्याकडचं बघू. या सगळ्या जगात डोंबिवलीकर कुठे होता?

विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आणलं १५ ऑगस्ट १९९५ ला. डोंबिवलीपर्यंत परवडणारं ब्रॉडबँड यायला २००५ उजाडलं. मुंबई-ठाण्याला एमटीएनएल, आपल्याला बीएसएनएल. २५६ केबीपीएसचा वेग, महिन्याची डाउनलोडची मर्यादा, आणि काही प्लॅन्समध्ये रात्री दोन ते सकाळी आठ मोफत. त्यात मुंबईत वीज जात नसे आणि आपल्याकडे लोडशेडिंग. म्हणजे खेळायचं कधी, हे खेळाडू नाही, महावितरण ठरवणार. मी तेव्हा शाळेत होतो. त्या पिढीचे दादा लोक रात्री दोनचा गजर लावून का उठायचे, हे मला फार नंतर कळलं.

परदेशी खेळांची अडचण आणखी वेगळी. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नोव्हेंबर २००४ मध्ये आला आणि जगभर गाजला, पण त्याचा भारतात कधी सर्व्हर नव्हता. जरा गणित करू. मुंबईपासून अमेरिकेचा पश्चिम किनारा सरळ रेषेत साधारण साडेतेरा हजार किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन किमान १३५ मिलिसेकंद, तेही केबल सरळ असेल तर. ती नसते, म्हणून प्रत्यक्षात याच्या दुप्पट धरा. अर्धवट तुटलेल्या कनेक्शनवर तुम्ही तलवार उगारेपर्यंत समोरचा वार करून मोकळा. अशा वेळी लढाई हा विषयच बाद होतो. पण मासे पकडायला, बाजारात दुकान मांडायला, औषधी वनस्पती गोळा करायला पिंग आडवा येत नाही.

म्हणूनच २००१ चा 'रूनस्केप' आपल्यासारख्यांना सोयीचा होता. ब्राउझरमध्ये चालायचा, फुकट खेळता यायचा, आणि त्याचं घड्याळ ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालतं. म्हणजे तुमचा निरोप पाव सेकंद उशिरा पोचला तरी बहुतेक वेळा चालून जातं.

भारतासाठी खास चालवलेला खेळही होता बरं का. कोरियाचा 'रॅग्नारोक ऑनलाइन' लेव्हल अप या कंपनीने २००० च्या दशकाच्या मध्यात भारतात आणला. तो फार वर्षं टिकला नाही. पण त्याची रचना बघितली की वाटतं, हा आपल्याच लोकांसाठी केला असावा. त्यात 'मर्चंट' म्हणजे व्यापारी होता येई. त्याची कौशल्यं काय, तर दुकानातून २४ टक्क्यांपर्यंत स्वस्त घेणं आणि दुकानाला २४ टक्क्यांपर्यंत जास्त भावाने विकणं! मग हातगाडी घ्यायची, प्रोंटेरा शहराच्या रस्त्यावर बसायचं आणि धंदा लावायचा. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे या खेळात खाली बसलं की गेलेली शक्ती लवकर भरून येते. म्हणून लोक बसत. बसले की बोलत. डोक्यावर गप्पांची पाटी लावायची सोयही होती. झालं! राक्षस मारायला काढलेल्या खेळात गावोगावी कट्टे तयार झाले.

इथपर्यंत सगळी गंमत आहे. पण यात पणाला काय लागतं, ते दाखवणारी एक गोष्ट सांगतो.

'स्टार वॉर्स गॅलक्सीज' २००३ साली आला. त्याचा मुख्य डिझायनर राफ कॉस्टर, जो आधी अल्टिमावर होता. यात तीसहून जास्त व्यवसाय होते. डॉक्टर, शिंपी, आर्किटेक्ट, प्राणी पाळणारे, नर्तक, वादक. लढून आलेल्या माणसाला जो थकवा येई, तो कँटीनमध्ये जाऊन नाच-गाणं बघितल्यावरच उतरत असे. म्हणजे एकही गोळी न झाडणारा वादक त्या जगाला खरोखर लागत होता. 'जेडाय' होणं मात्र महाकठीण, त्यामुळे बहुतेक जण साधी माणसं म्हणून राहत आणि त्यातच रमत.

मग वॉरक्राफ्टचे आकडे आले. कंपनीलाही तसे आकडे हवे होते. १५ नोव्हेंबर २००५ ला एक अपडेट आला, आणि तीसहून जास्त व्यवसायांचे नऊ झाले. प्राणी पाळणाऱ्यांचा व्यवसायच गेला. नर्तक उरले, पण लढवय्यांना त्यांची पूर्वीसारखी गरज राहिली नाही. आणि जेडाय? पहिल्या दिवसापासून कोणालाही होता येईल अशी सोय. विचार असा की माणसाला हिरो व्हायचं असतं, मग थेट हिरोच करून टाका. जुने खेळाडू चिडून सोडून गेले, हवे होते तितके नवे आले नाहीत. १५ डिसेंबर २०११ ला सर्व्हर बंद झाले.

कंपनीची बाजूही आहे, नाही असं नाही. खेळात बग खूप होते, खेळाडू घटत होते, धंदा चालवायचा होता. पण त्यांनी रिपोर्टमध्ये जे मोजता येतं तेवढंच मोजलं. कँटीनमध्ये रोज संध्याकाळी त्याच दहा जणांना भेटायला येणारा वादक कुठल्या कॉलममध्ये टाकणार?

याउलटही घडलंय. रूनस्केपमध्ये काही जणांनी स्वतःलाच नियम घालून घेतला, की कोणाशी देवाणघेवाण करायची नाही, सगळं आपल्या हाताने मिळवायचं. बघताबघता असं खेळणारे इतके झाले की २०१४ मध्ये कंपनीने 'आयर्नमॅन' नावाने तो अधिकृत प्रकारच करून टाकला. 'ईव्ह ऑनलाइन' हा तर लुटालूट आणि युद्धांसाठी प्रसिद्ध. त्यात कातिया से नावाच्या पात्राने जवळपास दहा वर्षं घालवून सगळ्या ७,८०५ तारकामंडळांना भेट दिली, एकही जहाज न गमावता. २०१९ मध्ये ते पूर्ण झालं तेव्हा कंपनीने खेळात त्या पात्राचा पुतळा उभारला. आणि वॉरक्राफ्टमध्ये २०१२ नंतर 'डबलएजंट' नावाच्या पात्राने कुठलीच बाजू घ्यायला नकार दिला. सुरुवातीच्या बेटावरच राहून फुलं खुडत आणि खाणकाम करत त्याने सर्वोच्च लेव्हल गाठली. याला चिकाटी म्हणा नाहीतर सत्याग्रह :)

अर्थात 'माझी मजा माझ्या पद्धतीने' याला एक कुंपण लागतंच. अल्टिमामध्ये काहींची मजा म्हणजे नवख्यांना लुटून मारणं. शेवटी २००० साली कंपनीला अख्ख्या जगाची दुसरी प्रत काढावी लागली, एक मारामारीचं आणि एक सुरक्षित. बहुसंख्य लोक सुरक्षित जगात राहायला गेले. आपली मजा दुसऱ्याच्या संध्याकाळीवर उभी नसावी, इतकं साधं आहे ते.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या गेमचं? सांगतो. आजचे खेळ बघा. डेली क्वेस्ट, वीकली टार्गेट, सीझन संपायच्या आत पूर्ण करायचा पास. दिवसभर आपण तिकिटं बंद करतो, वर्षाच्या शेवटी रेटिंगसाठी मान खाली घालून बसतो, आणि रात्री जेवून खेळायला बसलं की तिथेही तीच यादी. म्हणजे पगार न देणारी दुसरी नोकरीच. ही यादी बाजूला सारून कोणी नदीकाठी मासे पकडत बसला, तर तो वेळ फुकट घालवत नसतो. आपल्या वेळेवरचा हक्क तो परत घेत असतो.

आणि हे आपल्याला नवीन थोडंच आहे? डोंबिवली ते सीएसएमटी हा प्रवास करमणुकीसाठी कोणी आखलेला नाही. तरी त्याच डब्यात भजनी मंडळं उभी राहिली, मांडीवर ब्रीफकेस ठेवून पत्त्यांचे डाव रंगले, बायकांच्या डब्यात भाज्या निवडल्या गेल्या, आणि दसऱ्याला डब्याला तोरण चढलं. गेमच्या भाषेत याला गिल्ड म्हणतात, आपण ग्रुप म्हणतो. रोजच्या त्याच त्या रगाड्यात माणसाने आपली जागा आपण करून घेतली. रेल्वेने फक्त गाडी दिली होती.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या खेळात 'तू चुकीचा खेळतोयस' असं कोणी सांगितलं, तर त्याला शांतपणे विचारा, तू चौकट का रे? आपण बदाम. आणि गळ टाकून बसा.

असो. रविवार संपत आला. भेटू पुढच्या शनिवारी.