वय एक, वाढ चार अंगांनी: किशोरवयात नेमकं काय बदलतं?

‘उंची बापाएवढी झाली, पण समज आली नाही,’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. खरं तर वाढीचा क्रमच तसा आहे. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला किशोरवय म्हणते. या काळात शरीर, मेंदू, नाती आणि आयुष्याची दिशा, सगळंच बदलतं. पण एकाच वेगानं नाही. चंद्रपूर-गडचिरोलीतली उदाहरणं घेऊन हे समजून घेऊ.

शरीर
मुलींची वाढ मुलांच्या साधारण एक-दोन वर्षं आधी सुरू होते. पाळी आल्यावर त्यांची लोहाची गरज वाढते. या भागात सिकलसेलही आढळतो. म्हणून सततच्या थकव्याला आळस म्हणू नका, रक्त तपासून घ्या. या वयातले प्रश्न मोकळेपणानं बोलता यावेत, यासाठी डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या ‘सर्च’ संस्थेतर्फे ‘तारुण्यभान’ शिबिरं सुरू केली.

मेंदू
धाडसाची ओढ लवकर जागी होते. परिणाम तोलणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र पंचविशीच्या आसपास पूर्ण तयार होतो. म्हणून धाडस दाबण्यापेक्षा त्याला शिस्त द्यावी. ‘मिशन शौर्य’मध्ये तेच झालं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी प्रशिक्षण घेऊन मे २०१८ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचले.

नाती
या वयात सोबत्यांचं मत आई-वडिलांच्या मतापेक्षा जड वाटू लागतं. माडिया गावांत यासाठी गोटूल होतं. तिथे तरुण एकत्र जमत, नाचगाण्यासोबत गावाच्या रीतीभाती शिकत. वसतिगृहात वाढणाऱ्या मुलांची ही संगत सुटते. अनेकांची घरची भाषा माडिया किंवा गोंडी आणि शाळेची मराठी. अशा वेळी विश्वासानं बोलता येईल असं एक मोठं माणूस जवळ असणं फार मोलाचं.

दिशा
‘पुढे काय?’ हा प्रश्न नोकरी लागली म्हणून सुटतोच असं नाही. आपण कशासाठी जगायचं, हे तरुणांना शोधता यावं म्हणून डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये ‘निर्माण’ सुरू केलं.

लक्षात काय ठेवायचं?
एका अंगानं झालेली वाढ पाहून बाकीची गृहीत धरू नका. शरीर वाढलं म्हणून मुलगी लग्नाला तयार झाली, असं होत नाही. कायद्यानं मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण हवं. तोवरची वर्षं शिकण्याची, चुकण्याची आणि सावरण्याची आहेत. ती त्यांना मिळू द्या.