तळटीप : नेसरीचे ‘सात’

सरनोबत प्रतापराव गुजर २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीला (आजचा गडहिंग्लज तालुका) पडले, याबद्दल दुमत नाही. वाद आहे तो आकड्याचा. उंबराणीला कोंडीत सापडलेल्या बहलोलखानाशी त्यांनी सल्ला केला म्हणून महाराजांचा ठपका आला, हे सभासद सांगतो. मात्र राजारामकाळात जिंजीत लिहिणारा हाच बखरकार पुढे मोठ्या युद्धाचे वर्णन करतो. सहा सोबत्यांची नावे त्याच्याकडे नाहीत. आपल्या डोळ्यांपुढचे सात स्वार मुख्यतः कुसुमाग्रजांच्या कवितेतले, लताबाईंच्या आवाजातले. काव्य म्हणून ते अजोडच! पुरावा म्हणून त्याचा दाखला चालणार नाही. आमच्या लेखकाने पुढच्याच परिच्छेदात तो दिला आहे. — संपा.