गिटार हीरो मालिकेतील आवृत्त्या

गिटार हीरो ही गिटारच्या आकाराच्या कंट्रोलरवर खेळल्या जाणाऱ्या तालाधारित व्हिडिओ गेमची अमेरिकन मालिका आहे. तिची पहिली आवृत्ती नोव्हेंबर २००५ मध्ये प्लेस्टेशन २ या कन्सोलसाठी प्रकाशित झाली. २०१० पर्यंत तिच्या अनेक मुख्य आणि पुरवणी आवृत्त्या निघाल्या. फेब्रुवारी २०११ मध्ये प्रकाशक ॲक्टिव्हिजनने गिटार हीरोचा विभाग बंद केला. २०१५ मधील गिटार हीरो लाइव्ह या आवृत्तीने मालिका काही काळ पुन्हा सुरू झाली.

मालिकेतील आवृत्त्या वेगवेगळ्या कन्सोलसाठी आणि वेगवेगळ्या उपकरणांसह विकल्या गेल्या. त्यामुळे कोणती आवृत्ती घ्यावी, हा प्रश्न केवळ गाण्यांच्या आवडीचा राहत नाही. डिस्क, गिटार आणि ऑनलाइन सेवा या तीन घटकांपैकी कोणता घटक आज उपलब्ध व वापरण्याजोगा आहे, यावर प्रत्येक आवृत्तीची उपयुक्तता अवलंबून असते. मालिकेचे नियमित उत्पादन थांबलेले असल्याने या आवृत्त्या आता मुख्यत्वे जुन्या वस्तूंच्या बाजारात मिळतात.

पार्श्वभूमी

जपानमधील कोनामी या कंपनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस गिटारफ्रीक्स हा आर्केड गेम आणला होता. त्यात तीन बटणांची गिटार वापरली जात असे. अमेरिकेत नृत्यखेळांसाठी पायपट्ट्या बनविणाऱ्या रेडऑक्टेन या कंपनीने याच धर्तीचा, घरगुती कन्सोलवर खेळता येणारा गेम तयार करण्याचे ठरविले. त्यासाठी तिने हार्मोनिक्स या संस्थेशी हातमिळवणी केली. हार्मोनिक्सने त्यापूर्वी फ्रीक्वेन्सी (२००१) आणि ॲम्प्लिट्यूड (२००३) हे संगीतखेळ तयार केले होते.

पहिल्या आवृत्तीच्या यशानंतर २००६ मध्ये ॲक्टिव्हिजनने रेडऑक्टेन विकत घेतली. त्याच वर्षी हार्मोनिक्स ही संस्था एमटीव्हीच्या मालकीची झाली. परिणामी गिटार हीरोचे नाव ॲक्टिव्हिजनकडे राहिले आणि पुढील मुख्य आवृत्त्यांचे काम नेव्हरसॉफ्टकडे गेले. हार्मोनिक्सने नोव्हेंबर २००७ मध्ये रॉक बँड ही प्रतिस्पर्धी मालिका सुरू केली. दोन्ही मालिकांच्या उपकरणांमधील सुसंगततेचे प्रश्न या फाटाफुटीतून उद्भवले.

खेळण्याची पद्धत

मूळ कंट्रोलरच्या गळ्यावर हिरवे, लाल, पिवळे, निळे आणि नारिंगी अशी पाच बटणे असतात. पडद्यावर त्याच रंगांच्या खुणा खेळाडूच्या दिशेने सरकत येतात. खूण ठरावीक रेषेवर येताच योग्य बटण दाबून दुसऱ्या हाताने छेडपट्टी हलवावी लागते. लांब स्वर दांडीच्या साह्याने कंपित करता येतो. गिटार उभी तिरपी केल्यास साठवलेली स्टार पॉवर कार्यान्वित होते आणि मिळणारे गुण दुप्पट होतात.

सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये काठिण्याच्या चार पातळ्या होत्या. गिटार हीरो वर्ल्ड टूरमध्ये नवशिक्यांसाठी पाचवी पातळी आली. न छेडता, केवळ बटण दाबून किंवा सोडून वाजवायचे स्वर पहिल्या आवृत्तीत फार कडक वेळेत वाजवावे लागत. दुसऱ्या आवृत्तीत ही अट शिथिल झाली. दुसऱ्या आवृत्तीत सरावासाठी गाण्याचा हवा तो भाग संथ गतीने वाजविण्याची सोयही आली. त्यामुळे नव्याने शिकणाऱ्यास पहिल्या आवृत्तीपेक्षा दुसरी आवृत्ती सोपी जाते.

प्रमुख आवृत्त्या

| आवृत्ती | प्रथम प्रकाशन | वैशिष्ट्य |
|---|---|---|
| गिटार हीरो | नोव्हेंबर २००५ | केवळ प्लेस्टेशन २. एकूण ४७ गाणी |
| गिटार हीरो २ | नोव्हेंबर २००६ | प्लेस्टेशन २. एप्रिल २००७ मध्ये एक्सबॉक्स ३६० वर अधिक गाण्यांसह |
| गिटार हीरो ३ : लेजंड्स ऑफ रॉक | ऑक्टोबर २००७ | विनातार गिटार, वी आणि प्लेस्टेशन ३ वर मालिकेचे पदार्पण |
| गिटार हीरो : एरोस्मिथ | जून २००८ | एका वाद्यवृंदावर आधारित पहिली आवृत्ती |
| गिटार हीरो वर्ल्ड टूर | ऑक्टोबर २००८ | गिटार, बास, ड्रम आणि गायन. ८६ गाणी |
| गिटार हीरो : मेटालिका | मार्च २००९ | ड्रमवादकांसाठी दोन पेडलांची अतिकठीण पातळी |
| गिटार हीरो स्मॅश हिट्स | जून २००९ | पूर्वीच्या आवृत्त्यांतील निवडक ४८ गाणी |
| गिटार हीरो ५ | सप्टेंबर २००९ | ८५ गाणी. सर्व गाणी सुरुवातीपासून खुली |
| गिटार हीरो : वॉरियर्स ऑफ रॉक | सप्टेंबर २०१० | नव्वदहून अधिक गाणी, मूळ मालिकेची अखेर |
| गिटार हीरो लाइव्ह | ऑक्टोबर २०१५ | सहा बटणांची नवी गिटार. प्रक्षेपित गाण्यांची सेवा |

पहिल्या दोन आवृत्त्यांमधील बहुतेक गाणी मूळ कलाकारांची नसून अन्य वादकांकडून हुबेहूब वाजवून घेतलेली आहेत. तिसऱ्या आवृत्तीपासून मूळ ध्वनिमुद्रणांचे प्रमाण वाढले आणि वर्ल्ड टूरमध्ये सर्वच गाणी मूळ ध्वनिमुद्रणे आहेत. स्मॅश हिट्समध्ये सुरुवातीच्या काळातील गाणी मूळ ध्वनिमुद्रणासह आणि सर्व वाद्यांसह पुन्हा देण्यात आली.

मालिकेतील सर्वाधिक परिचित आवृत्ती म्हणजे लेजंड्स ऑफ रॉक. ड्रॅगनफोर्स या वाद्यवृंदाचे अतिवेगवान गाणे अखेरचे आव्हान म्हणून तिच्यात समाविष्ट होते आणि ते खेळाडूंच्या कौशल्याची कसोटी मानले जाऊ लागले. एकट्या गेमच्या किरकोळ विक्रीतून एक अब्ज डॉलरहून अधिक उत्पन्न मिळाल्याचे ॲक्टिव्हिजनने २००९ मध्ये जाहीर केले.

विक्रीतील प्रकार

एकच आवृत्ती सामान्यतः दोन किंवा तीन प्रकारे विकली जात असे. पहिल्या प्रकारात केवळ डिस्क, दुसऱ्यात डिस्क व एक गिटार, तर वर्ल्ड टूरपासून तिसऱ्या प्रकारात गिटार, ड्रम आणि मायक्रोफोन यांचा संपूर्ण संच मिळे. केवळ डिस्कचा प्रकार आधीपासून गिटार असलेल्या ग्राहकासाठी होता. जुन्या बाजारात हाच प्रकार सर्वाधिक आणि स्वस्त मिळतो. मात्र गिटार नसलेल्यास त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण साध्या कंट्रोलरवर खेळ चालत असला तरी त्याचे मूळ स्वरूप हरवते.

उपकरणांची सुसंगतता

गिटार ज्या कन्सोलसाठी बनविलेली असते त्याच कन्सोलवर ती थेट चालते. एकाच कन्सोलची पाच बटणांची गिटार त्या कन्सोलवरील बहुतेक आवृत्त्यांसाठी वापरता येते. कन्सोलनुसार महत्त्वाचे फरक पुढीलप्रमाणे आहेत.

प्लेस्टेशन २ : पहिल्या दोन आवृत्त्यांसोबतची गिटार वायरची असून ती कन्सोलच्या नेहमीच्या कंट्रोलर खाचेत जोडली जाते. या कन्सोलच्या डिस्क विक्रीप्रदेशाशी बांधलेल्या असतात. एका प्रदेशाची डिस्क दुसऱ्या प्रदेशाच्या कन्सोलवर चालत नाही.

एक्सबॉक्स ३६० : गिटार हीरो २ सोबतची एक्सप्लोरर ही गिटार यूएसबी वायरची आहे. ती संगणकालाही जोडता येत असल्याने जुन्या बाजारात तिला मागणी असते.

प्लेस्टेशन ३ : गिटार विनातार असली तरी तिला स्वतःचा यूएसबी रिसीव्हर लागतो. रिसीव्हर हरवल्यास गिटार सुस्थितीत असूनही निरुपयोगी ठरते.

वी : गिटारच्या अंगात वी रिमोट बसवावा लागतो. गिटार हीरो आणि गिटार हीरो २ या आवृत्त्या या कन्सोलवर निघालेल्या नाहीत. लेजंड्स ऑफ रॉकच्या या कन्सोलवरील पहिल्या प्रतींमध्ये ध्वनी एकाच वाहिनीतून येत असे. नंतर प्रकाशकाने ग्राहकांना डिस्क बदलून देण्याची व्यवस्था केली.

निन्टेन्डो डीएस : गिटार हीरो : ऑन टूर (२००८) आणि तिच्या पुढील दोन आवृत्त्यांसाठी चार बटणांची मूठ गेम बॉय ॲडव्हान्सच्या खाचेत बसवावी लागते. ही खाच मूळ डीएस आणि डीएस लाइट यांनाच आहे. डीएसआय आणि थ्रीडीएस यांना ती नसल्याने त्यांवर हे गेम अपेक्षित रीतीने खेळता येत नाहीत.

वर्ल्ड टूरपासून रॉक बँडची बरीचशी उपकरणे गिटार हीरोमध्ये चालू लागली. तथापि दोन्ही मालिकांच्या ड्रमची रचना वेगळी आहे. गिटार हीरोच्या ड्रमला तीन पृष्ठभाग, दोन उंचावलेल्या झांजा आणि एक पेडल असते, तर रॉक बँडच्या मूळ ड्रमला चार पृष्ठभाग आणि एक पेडल असते.

गिटार हीरो लाइव्हची गिटार या सर्वांपासून वेगळी आहे. तिची सहा बटणे प्रत्येकी तीनच्या दोन ओळींत असतात. जुनी पाच बटणांची गिटार लाइव्हमध्ये चालत नाही आणि लाइव्हची गिटार जुन्या आवृत्त्यांमध्ये चालत नाही.

गाण्यांचे परवाने आणि ऑनलाइन सेवा

डिस्कवरील गाण्यांचे परवाने विक्रीपूर्वी घेतलेले असल्याने ती गाणी डिस्क आणि कन्सोल चालू असेपर्यंत वाजविता येतात. डाउनलोड करून घेण्याच्या गाण्यांचे तसे नसते. त्यांच्या विक्रीचे परवाने ठरावीक मुदतीचे असतात आणि त्यांचे नूतनीकरण न झाल्यास विक्री थांबते. गिटार हीरो आणि डीजे हीरो या मालिकांच्या डाउनलोड गाण्यांची विक्री मार्च २०१४ अखेर बंद करण्यात आली. ज्यांनी ती आधी विकत घेतली होती त्यांच्याकडे ती राहिली. नव्या खरेदीदाराला मात्र ती मिळत नाहीत.

याचे एक ठळक उदाहरण म्हणजे मेटालिकाचा डेथ मॅग्नेटिक हा २००८ चा अल्बम. तो लेजंड्स ऑफ रॉकसाठी डाउनलोड स्वरूपातही प्रकाशित झाला होता. सीडीवरील ध्वनी अतिशय दाबून मोठा केलेला असल्याची टीका झाली, तर गेममधील ध्वनी अधिक मोकळा असल्याने अनेक श्रोत्यांनी त्यालाच पसंती दिली. आज ती डिस्क नव्याने घेणाऱ्याला हा भाग अधिकृत मार्गाने मिळत नाही.

वर्ल्ड टूर, स्मॅश हिट्स यांसारख्या आवृत्त्यांतील काही गाणी शुल्क भरून पुढील आवृत्त्यांमध्ये आणता येत असत. त्यासाठी लागणारा संकेतांक माहितीपुस्तिकेवर छापलेला असे. पुस्तिका गहाळ झालेल्या किंवा संकेतांक आधीच वापरलेल्या जुन्या प्रतीला हा लाभ नव्हता.

ऑनलाइन सेवेवरील अवलंबित्वाचा सर्वांत मोठा परिणाम गिटार हीरो लाइव्हमध्ये दिसून आला. तिच्यातील जीएचटीव्ही हा विभाग दूरचित्रवाणी वाहिनीप्रमाणे सतत गाणी प्रक्षेपित करीत असे. ही गाणी खेळाडूच्या कन्सोलवर साठवली जात नसत. १ डिसेंबर २०१८ रोजी ही सेवा बंद झाली. त्यामुळे ४८० हून अधिक गाण्यांच्या संग्रहातून केवळ डिस्कवरील ४२ गाणी उरली. खोक्यावरील जाहिरात जुनी असली तरी या आवृत्तीत आज एवढीच गाणी खेळता येतात.

आवृत्तीच्या निवडीचे निकष

वरील बाबींमुळे या मालिकेत आवृत्तीची निवड साधारणपणे उलट क्रमाने केली जाते. प्रथम घरात असलेला कन्सोल, नंतर त्यासाठी मिळणारी गिटार आणि शेवटी गाण्यांची यादी पाहिली जाते.

एकट्याने गिटार वाजविण्यासाठी गिटार हीरो २ आणि लेजंड्स ऑफ रॉक या आवृत्त्या पुरेशा ठरतात. दोघांपेक्षा अधिक जणांनी मिळून खेळण्यासाठी वर्ल्ड टूर किंवा त्यानंतरची आवृत्ती लागते. गिटार हीरो ५ मध्ये गाणी खुली करण्यासाठी आधी स्पर्धा जिंकाव्या लागत नाहीत आणि चालू गाण्यात कोणालाही सामील होता किंवा बाहेर पडता येते. त्यामुळे समारंभात किंवा मित्रमंडळींत खेळण्यास ती सोयीची आहे. मेटालिका, एरोस्मिथ आणि व्हॅन हेलन या आवृत्त्या त्या त्या वाद्यवृंदाच्या चाहत्यांसाठी आहेत. त्यांतील गाणी मोठ्या प्रमाणावर एकाच शैलीची असल्याने पहिली खरेदी म्हणून त्या मर्यादित ठरतात.

जुनी गिटार घेताना पाचही बटणे आणि वर-खाली दोन्ही दिशांनी छेडपट्टी तपासणे आवश्यक असते, कारण वापराने सर्वप्रथम हेच भाग झिजतात. लेजंड्स ऑफ रॉकसोबतच्या लेस पॉल गिटारचा गळा वेगळा काढता येतो. त्याच्या सांध्यातील धातूचे संपर्क मळल्यास काही बटणे काम करेनाशी होतात. सपाट पडद्याच्या आधुनिक दूरचित्रवाणी संचावर चित्र किंचित उशिरा दिसते. हा विलंब भरून काढण्याची सोय असलेली आवृत्ती अशा संचावर अधिक अचूक खेळता येते.

ऱ्हास आणि वारसा

केवळ २००९ या एका वर्षात मेटालिका, स्मॅश हिट्स, गिटार हीरो ५, बँड हीरो, डीजे हीरो आणि व्हॅन हेलन अशा अनेक आवृत्त्या बाजारात आल्या. महागड्या उपकरणांचे संच, एकमेकींशी मिळत्याजुळत्या आवृत्त्या आणि रॉक बँडची स्पर्धा यांमुळे ग्राहकांचा उत्साह ओसरला. २०११ मधील बंदीमागे ही अतिरिक्त भर हे एक प्रमुख कारण मानले जाते.

अधिकृत विक्री थांबल्यानंतरही गिटारचा वापर थांबलेला नाही. क्लोन हीरो या चाहत्यांनी तयार केलेल्या विनामूल्य संगणकीय गेममध्ये पाच आणि सहा बटणांच्या जुन्या गिटार वापरता येतात. हार्मोनिक्सने २०२३ मध्ये फोर्टनाइट फेस्टिव्हल हा तालाधारित गेम आणला आणि २०२४ मध्ये रिफमास्टर ही नवी विनातार गिटार सध्याच्या कन्सोलसाठी बाजारात आली. मात्र जुन्या कन्सोलवरील गिटार हीरोसाठी मूळ डिस्क आणि तिला अनुरूप मूळ गिटार यांची जोडीच आजही सर्वांत खात्रीची ठरते.