वंशावळीच्या पूर्वीचे आपण

चांदा-गडचिरोलीच्या या वनप्रदेशात स्थायिक झालेल्या कुळांना ‘मूळ पुरुष कोठून आला?’ असे विचारले, तर उत्तर बहुधा तयार असते. कोणी वरंगळ सांगतो, कोणी माळवा, कोणी वऱ्हाड. त्या परंपरेचा मान राखूनही असे म्हणणे प्राप्त आहे की, वंशावळी थोड्याच पिढ्यांत थकतात. चंद्रपूरच्या पापामिया टेकडीवरील अश्मयुगीन हत्यारे ज्यांनी घडविली, त्यांची नावे कोणत्या वहीत सापडणार?

तेथून पुढची साक्ष अस्थी देतात. कानाच्या आतील टणक हाडात डीएनए हे आनुवंशिक द्रव्य हजारो वर्षे टिकू शकते. मात्र आपल्याकडील उष्मा त्याचा वैरी आहे. हरियाणातील राखीगढी येथील साठांहून अधिक नमुने पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. वसंत शिंदे व त्यांचे सहकारी यांनी तपासले, तेव्हा सिंधुकालीन अशी एकच स्त्री बोलती झाली! २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनानुसार तिच्या ठायी दोन धारा होत्या : एक प्राचीन इराणी लोकांशी दूरचे नाते सांगणारी, दुसरी येथील आदिम शिकारी लोकांची. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातील तिसरी धारा तिच्यात नव्हती. ती मागाहून आली.

पुढे काय घडले, ते हयात लोकांच्या तपासणीवरून कळते. हैदराबादचे डॉ. थंगराज, हार्वर्डचे डेव्हिड राइक प्रभृतींनी २०१३ साली ७३ समूहांविषयीचे निष्कर्ष मांडले. सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशात मोठी सरमिसळ झाली. तथाकथित उच्च-नीच ज्ञाती व दूरच्या आदिवासी जमाती, कोणीच तीतून सुटले नाही. बेटीव्यवहाराची दारे त्यानंतर लागली. म्हणजे ज्या ‘शुद्ध रक्ता’च्या नावाने आपल्यातील वडीलधारी मंडळी पोटशाखेबाहेरचे स्थळ आजही परत पाठवितात, ते रक्त दारे लागण्यापूर्वीच मिसळलेले होते.

आपले शेजारी गोंड बांधव यांची कथा तर अधिकच उद्बोधक आहे. त्यांची भाषा द्राविडी, तेलुगूच्या नात्यातली. परंतु २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांचे आनुवंशिक नाते इतर द्राविडी भाषिकांपेक्षा मुंडा भाषा बोलणाऱ्या जमातींशी अधिक निकटचे आढळले. भाषेची वाट एक, रक्ताची दुसरी. सिरोंच्याकडे घरी तेलुगू व कचेरीत मराठी बोलणाऱ्या आपल्या कुटुंबांना याचे नवल वाटू नये.